जुना माल आधी बाहेर

रतन ओव्हाळ यांच्या घरात मिठाच्या बरणीलाही तारीख असते. पांढऱ्या पट्टीवर निळ्या शाईनं मीठ कधी भरलं ते लिहिलेलं असतं, आणि आधीची बरणी संपल्याशिवाय नव्या बरणीचं झाकण कुणी उघडायचं नसतं. मीठ काही नासत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण मुद्दा मिठाचा नाही, शिस्तीचा आहे, असं ते सांगतात आणि पुढच्या बरणीकडं वळतात.

देहूरोडच्या लष्करी डेपोच्या गोदामात त्यांची चौतीस वर्षं गेली. पवनानगरच्या अलीकडच्या वाडीतून सकाळची पहिली जीप, कामशेतहून लोकल, देहूरोडला उतरलं की सायकल. तंबूच्या खुंट्या, दोर, बादल्या, बूट आणि कंदील एवढ्यांचा कारभार त्यांच्याकडं होता. लढाई त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. पण आपल्या हातून एकाही जवानाला कुजका दोर गेला नाही, हे ते ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्याचं सगळं श्रेय एका नियमाला. जो माल आधी आला तो आधी बाहेर. नवा माल मागच्या फळीवर, जुना पुढच्या. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हा रतनभाऊंनी भाषणात एवढंच सांगितलं की नियमाप्रमाणं जुना माल बाहेर चालला आहे. लोक हसले. ते विनोद करत नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या डब्यांना तारखा घातल्या. त्यांच्या बायकोनं, शकुबाईंनी, आठ दिवस वाद घातला आणि मग हात टेकले. तांदूळ आपला आपण मोजून घेण्याची सवय असलेल्या बाईला, हळद संपली म्हणून नवऱ्याकडं मागणी नोंदवावी लागली तर काय वाटेल ते वाटलं. पण माणूस दिवसभर घरात बसून तरी काय करणार, असा त्यांनी विचार केला.

एका गोष्टीत मात्र या घरात कसलीच शिस्त नव्हती, आणि ती गोष्ट म्हणजे आंबा. घरामागं रायवळ आंब्याचं एक जुनं झाड आहे. फळ लहान, धागे भरपूर, रस मात्र असा की मनगटावरून कोपरापर्यंत जातो. लग्न झालं त्या वैशाखापासून दोघांचा एक रिवाज होता. दुपारची जेवणं झाली की ओट्यावर मधे पाण्याची बादली ठेवायची, बादलीत आंबे, या बाजूला तो, त्या बाजूला ती. आंबा चोखायचा आणि कोय आपल्या बाजूला ओळीनं मांडायची. ज्याच्या कोया कमी, त्यानं बादली घासायची. एक्केचाळीस वर्षांत रतनभाऊ सहा वेळा जिंकले होते आणि ती सहाही वर्षं त्यांना पाठ होती. त्यांची लेक प्रतीक्षा पोटात होती त्या उन्हाळ्यात शकुबाईंनी एका बैठकीला एकवीस कोया लावल्या होत्या. तो आकडा वाडीत अजून कुणी मोडलेला नाही. मोडायला कुणी बसलेलंही नाही, ते वेगळं.

हा रिवाज मोडला तो जयंतीच्या दिवशी. चार वर्षांपूर्वी वाडीतल्या पोरांनी चौदा एप्रिलला मिरवणुकीआधी आरोग्य शिबिर ठेवलं होतं. शकुबाई तिथं रक्त द्यायला गेल्याच नव्हत्या, चहा द्यायला गेल्या होत्या. शिबिरातल्या नर्सबाईंच्या समोर खुर्ची रिकामी दिसली म्हणून त्या टेकल्या आणि नर्सबाईंनी सवयीनं त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर तीनशे ऐंशी निघाली. नर्सबाईंनी मशीन झटकून पुन्हा पाहिलं, तेव्हा तीनशे ब्याऐंशी.

कामशेतच्या डॉक्टरांनी कागदावर दोन रकाने करून दिले. आंबा, चिकू, केळं, द्राक्षं एका बाजूला. पेरू आणि सफरचंदाच्या दोन फोडी दुसऱ्या बाजूला. शकुबाईंनी तो कागद नीट वाचला. त्या सातवी पास आहेत आणि अक्षर रतनभाऊंपेक्षा चांगलं आहे. वाचून त्यांनी मत दिलं की पेरू हे फळ नव्हे, ते चावायचं काम आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी लपून आंबे खाल्ले. किती ते कळलं नाही, कारण कोया त्यांनी चुलीत घातल्या होत्या. तिसऱ्या दिवशी घागर भरताना भोवळ येऊन पडल्या आणि तळेगावच्या दवाखान्यात दोन दिवस काढून आल्या. पाठोपाठ लावणीच्या दिवसांत बांधावरच्या खड्यानं पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती अडीच महिने भरेना. रोज संध्याकाळी रतनभाऊ पाय मांडीवर घेऊन पट्टी बदलायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या वेळी निभावलं, पुढच्या वेळी अंगठा राहीलच असं नाही. तेव्हापासून शकुबाईंनी गोडाचं नाव काढलं नाही. त्यांनी ओट्यावर बसायचंच सोडलं. ते रतनभाऊंना जखमेपेक्षा जास्त लागलं.

त्यांनी मग जाहीर केलं की आपल्याला आंब्यानं पित्त होतं. झाडाखाली पडलेले आंबे ते शेजारच्या दत्तोबाकडं पाठवू लागले. दत्तोबा म्हणजे बांधाला बांध असलेला शेतकरी. त्याला दोन बैल, एक म्हैस आणि कुठल्याही गोष्टीवर एका वाक्यात मत. पित्ताचं ऐकून त्यानं या वयात होतं असं, एवढंच म्हटलं आणि आंबे ठेवून घेतले.

काळ्या फळाची गोष्ट सुरू झाली ती त्याच पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत. प्रतीक्षा लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावरची फळं बघते. तिच्या छातीवरच्या पट्टीवर हुद्दा इंग्रजीत आहे. रतनभाऊ त्याला फळविभाग म्हणतात. एका रविवारी ती चपटी प्लॅस्टिकची डबी घेऊन आली. पाहुणे कमी होते म्हणून उरलेली, ब्लॅकबेरीची. प्रत्येक फळ म्हणजे बारीक काळ्या मण्यांचा एक घोस. रतनभाऊंनी आधी डबी उलटी करून तारीख पाहिली. तारीख होती. त्यामुळं खाण्याआधीच फळाबद्दल त्यांचं मत चांगलं झालं.

प्रतीक्षानं माहिती सांगितली. साखर आंब्याच्या निम्म्याहून कमी, चोथा भरपूर, त्यामुळं जी साखर असते तीही रक्तात हळूहळू जाते. बिया दातात अडकतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. हॉटेलातले व्यायामवाले पाहुणे सकाळी दुसरं काही न बघता आधी यावरच हात मारतात. तिनं डॉक्टरांना आधीच फोन करून विचारलं होतं. ते म्हणाले होते की वाटीभर खायला हरकत नाही, पण हे औषध नाही, फळ आहे. गोळ्या चालू ठेवायच्या आणि याच्या जोरावर दुसरं काही खायचं नाही.

शकुबाईंनी एक फळ उचललं, उजेडात धरलं, हुंगलं. तुतीच्या जातीचं दिसतंय पण अंगानं भरलंय, असं काहीतरी पुटपुटल्या आणि तोंडात टाकलं. आधी डोळे बारीक झाले, कारण आंबट लागलं. मग मोठे झाले.

"हे औषध न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही गं आई. फळ आहे."

"मग ठीक हाय."

त्यांनी डबी घेतली आणि उठून ओट्यावर जाऊन बसल्या. एकेक फळ दोन बोटांत धरून, घाई न करता, त्यांनी सगळी डबी संपवली आणि जांभळी झालेली बोटं चोखली. रतनभाऊ दारातून बघत होते. लावणीपासून ती जागा रिकामी होती. त्यांनी पुढं होऊन रिकामी डबी उचलली आणि तिच्यावरची तारीख पुन्हा वाचली.

"पुढल्या उन्हाळ्यात घरची देतो तुला," ते म्हणाले. "वाटीभर. हितंच, वट्यावर."

शकुबाई म्हणाल्या की बघू. त्या बघू म्हणाल्या तरी लक्षात ठेवतात, हे रतनभाऊंना माहीत होतं.

हॉटेलातून डबी रोज येण्यासारखी नव्हती. महिन्यातून एखादी उरे, कधी तीही बुरसलेली निघे. म्हणून रतनभाऊंनी तळेगावच्या एका रोपवाटिकेतून सहा रोपं आणली आणि पाऊस सरता सरता घराच्या उजव्या अंगाला, दत्तोबाच्या बांधाजवळ लावली. रोपवाटिकेतला माणूस पाणी मारता मारता बोलत होता. ऊन हवं, पाणी तुंबू देऊ नका, काड्यांना तारेचा आधार द्या, गर्दी होऊ देऊ नका, जुन्या काड्या काढत चला. शेवटचं वाक्य ऐकून रतनभाऊंना त्या माणसाबद्दल आदर वाटला. पुढं त्यांनी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बोटभर पाट्या केल्या, खिळ्यानं ठोकून त्यावर तारखा पाडल्या आणि जमिनीतून नवी काडी वर आली की तिला एकेक पाटी बांधली. वाऱ्यावर पाट्या वाजत. दत्तोबाची म्हैस पहिल्या आठवड्यात दोनदा दावं तोडून पळाली, मग तिलाही सवय झाली.

डेपोत मार्चअखेरच्या आधी, फेब्रुवारीत, सगळा माल तपासला जाई. रतनभाऊंनी तीच पद्धत इथं लावली. फेब्रुवारीतला एक दिवस ठरवून ते कात्री घेऊन उभे राहायचे, पाटीवरची तारीख मोठ्यानं वाचायचे आणि शकुबाईंनी वहीत बघून हाय म्हणायचं. गेल्या पावसातली काडी, म्हणजे जुना माल. ती जमिनीलगत कापायची. मुळाशी नवे कोंभ डोकावत असत, ते राखायचे. कापलेल्या काड्यांच्या मोळ्या ते सुंभानं बांधून दत्तोबाला द्यायचे, कारण त्याच दिवसांत दत्तोबा राबाची तयारी करत असे. भाताचं बी टाकायच्या आधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात. त्या जागेत रोप जोमानं येतं आणि तण येत नाही. काटेरी काड्या झकास पेटतात, असं दत्तोबाचं मत होतं.

पहिल्या उन्हाळ्यात फळ आलं नाही. रोपं लहान आहेत, असं सगळ्यांनीच म्हटलं. दुसऱ्या पावसात काड्या माणसाच्या उंचीच्या झाल्या, तारेवरून पलीकडं लवल्या. रतनभाऊंनी शेणखत घातलं, अंड्यांची टरफलं कुटून घातली, आणि माघात कापणी झाल्यावर फळांचं पाखरांपासून रक्षण व्हावं म्हणून कामशेतहून जाळी आणून वरून ताणली. त्या उन्हाळ्यातही फळ आलं नाही. पाखरं जाळीवर येऊन बसत आणि खाली बघत.

दोन्ही उन्हाळ्यांत आंबे पिकले तेव्हा शकुबाई दुपारी घरात तांदूळ निवडत बसल्या. ओट्यावर बादली ठेवली गेली नाही. दुसऱ्या वर्षी एकदा त्या एवढंच म्हणाल्या की तेवढ्या जागेत वांगी तरी लागली असती. टोचून नव्हत्या बोलल्या. आशा सोडलेलं माणूस बोलतं तसं बोलल्या. त्या बोलण्यानं रतनभाऊंची झोप दोन दिवस उडाली. आपण लष्कराला चौतीस वर्षं माल पुरवला आणि बायकोला वाटीभर फळ देता येईना, ही त्यांची व्यथा होती, आणि ती कुठल्या वहीत लिहायची ते त्यांना कळत नव्हतं.

तिसऱ्या फेब्रुवारीत त्यांनी कापणी आणखी कडक केली. सहा रोपांच्या मिळून बावीस जुन्या काड्या निघाल्या. शकुबाईंनी बावीस वेळा हाय म्हटलं. दत्तोबानं बावीसही नेल्या.

मग गेल्या चैत्र-वैशाखात काहीतरी बिघडलं. म्हणजे रतनभाऊंना तसं वाटलं. शकुबाई सकाळी उठून, मशेरी लावायच्याही आधी, दत्तोबाच्या बांधाकडं जायला लागल्या. विचारलं तर गवताला जाते म्हणत. गवत घरी येत नसे. आलं तरी घालायला घरात जनावर नव्हतं. त्यांच्या हातांवर बारीक ओरखडे दिसू लागले. एकदा पदराला गडद डाग दिसला, तर म्हणाल्या हळदीचा. रतनभाऊंच्या नोंदीप्रमाणं घरातली हळद पिवळी होती.

सगळ्यात वाईट म्हणजे त्या खुशीत होत्या. चुलीपाशी गुणगुणत होत्या. शकू खूश असण्याची एकच परिस्थिती रतनभाऊंना ठाऊक होती. ती पुन्हा लपून गोड खातेय, आणि आपण पाठवलेले आंबे दत्तोबाच्या घरी बसून खातेय, हे त्यांनी मनाशी नक्की केलं. रात्रंदिवस त्यांना तो अंगठा दिसायला लागला.

फक्त साखर मोजायचं मशीन साथ देईना. दर सोमवारी ते शकुबाईंची साखर मोजायचे, आणि आकडा दर सोमवारी चांगला येत होता. त्यांनी मशीनचा सेल बदलला. आकडा चांगलाच आला. मग स्वतःच्या बोटाला टोचून पाहिलं, तोही बरा आला. मशीनची मुदत संपली असणार, असं त्यांनी ठरवलं, आणि मुदत छापलेली जागा शोधली. ती दीड वर्षानंतरची होती. त्यांचा छापील मजकुरावरचा विश्वास पहिल्यांदाच डळमळला.

एका सकाळी शकुबाई बांधावरून परत येताना दिसल्या तेव्हा रतनभाऊ मागच्या बाजूनं निघाले आणि थेट दत्तोबाच्या वाफ्यावर गेले. दत्तोबा राबावर माती पसरत होता. रतनभाऊ बांधावर उभे राहिले. भांडायला आलेल्या माणसानं उभं राहावं तसं त्यांनी उभं राहायचा प्रयत्न केला.

"दत्तोबा, शकू हितं येऊन काय खाती?"

दत्तोबानं मान वर केली नाही. "तुमचंच खाती."

"म्हंजे आंबा."

"आंबा कशाला खाईल? तिला साखर हाय न्हवं का," दत्तोबा म्हणाला, आणि फावडं टेकवून कोपऱ्याकडं चालू लागला. रतनभाऊ त्याच्या मागून गेले.

बांधाच्या कोपऱ्यात, तारेच्या पलीकडं, दत्तोबाच्या हद्दीत एक काटेरी जाळी माजली होती. दुसऱ्या पावसात रतनभाऊंची एक काडी तारेवरून लवून इकडं आली होती, तिचं टोक मातीला टेकलं होतं आणि तिथंच त्यानं मूळ धरलं होतं. रतनभाऊंनी पुढच्या तपासणीत ती काडी आपल्या बाजूनं कापली, पण तोवर इकडं नवं झाड झालं होतं. दत्तोबानं ते राखलं, कारण त्याच्या काट्यांमुळं म्हैस बांध ओलांडत नव्हती. त्याला कुणी पाटी बांधली नव्हती, कुणी तपासलं नव्हतं, कुणी कापलं नव्हतं. आणि ते फळांनी लगडलं होतं. हिरवी, लाल, आणि आतल्या अंगाला पिकून काळी झालेली.

रतनभाऊंनी चष्मा चढवला. एक काळं फळ त्यांनी बोटानं धरलं आणि ते ज्या काडीवर होतं ती काडी, गोदामातली फळी तपासावी तशी, बोट फिरवत मुळापर्यंत नेली. काडी तपकिरी होती, लाकडासारखी टणक. गेल्या पावसातली. शेजारी या उन्हाळ्यातल्या हिरव्यागार नव्या काड्या होत्या, रसरशीत, टवटवीत, आणि त्यांवर पानांखेरीज काही नव्हतं. त्यांनी दुसरी काडी तपासली, तिसरी तपासली. जेवढी फळं होती तेवढी जुन्या काडीवर. नवीवर एकही नाही. हे फळ ज्या काडीला येतं, तिला आधी एक पावसाळा नुसतं उभं राहावं लागतं. रोपवाटिकेतला माणूस जुन्या काड्या काढा म्हणाला होता, ते फळं उतरून झाल्यावरचं होतं. तेवढं त्यानं सांगितलं नव्हतं, कारण तेवढं कुणालाही कळतं. लष्करी गोदामात आयुष्य न काढलेल्या कुणालाही.

दत्तोबा त्यांच्या शेजारी उभा होता. त्यानं सगळं समजून घेतलं आणि आपलं मत दिलं.

"म्हंजे तीन वर्सं तुमी मला राबाला फळंच दिली म्हना की," तो म्हणाला. "रोपं मातुर लय झ्याक आली."

रतनभाऊंना राग आला नाही, लाज वाटली. तीन वर्षं त्यांनी आपल्या हातानं, वाचून, मोजून, बायकोच्या तोंडून हाय म्हणवून घेऊन, तिचाच उन्हाळा कापला होता आणि सुंभानं नीट बांधून जाळायला दिला होता. ते तिथं बांधावरच बसले. दत्तोबा राबाकडं परत गेला. सांत्वन करण्याची त्याची पद्धत तीच आहे.

घरी आले तेव्हा शकुबाई भात धुवत होत्या. रतनभाऊ दारात थांबले.

"फळ जुन्या काडीला येतं," ते म्हणाले.

"ठावं हाय मला. महिना झाला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

शकुबाईंनी पातेलं खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. डागाचाच पदर होता.

"तुमी आंबा सोडला तवा मला सांगितलं व्हतं का?"

"मला पित्त हाय."

"चार कमी पन्नास वर्सं झाली तुमच्यासंगं ऱ्हाते. तुमाला पित्त न्हाई. तुमाला कायबी न्हाई. तुमी माझ्यासाठनं सोडला आन मला त्याचा वाटा बी दिला न्हाई. मी आत बसून तांदूळ निवडायची, तुमी भाईर बसून तारा वळायचा. दोघांनी दोन ठिकानी उपास धरला, त्यात माझं काय भलं झालं?" मग थोड्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, "फळ चांगलं हाय. पर बांधावर येकटीनं हुबं ऱ्हाऊन खायला काय मजा न्हाई. मला तुमच्याबर खायचं हाय."

वर्षांचा आकडा चुकला होता, पण रतनभाऊंनी दुरुस्त केला नाही. नोकरीत आणि संसारात मिळून ही बहुधा पहिलीच वेळ. त्यांनी मोरीमागची बादली काढली. तिच्या तळाला चार वर्षांचा कोळिष्टकांचा थर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर दोघं ओट्यावर बसले. मधे बादली, बादलीत आंबे, सगळे रतनभाऊंचे. शकुबाईंच्या हातात काळ्या फळांची वाटी. सकाळी दोघांनी मिळून बांधावरून तोडली होती, दत्तोबाला विचारून. त्यानं सांगितलं होतं की झाड माझं असलं तरी काटे तुमचे आहेत. रतनभाऊंनी पहिला आंबा हातात मऊ केला, देठ काढला आणि चोखला. रस कोपरापर्यंत गेला. चार वर्षांनी तोंडात आंबा आला आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत, हात बरबटले होते. शकुबाईंनी पाहिलं आणि वाटीतलं एक काळं फळ उचलून त्यांच्या तोंडात घातलं. मग एक स्वतःच्या. अधूनमधून त्या जिभेनं दातातली बी काढत होत्या आणि ते करतानाही त्यांचा चेहरा समाधानी होता.

आंबे संपले तेव्हा शकुबाईंनी किती झाल्या म्हणून विचारलं. रतनभाऊंनी कोया मोजल्या. नऊ होत्या. शकुबाईंच्या बाजूला एकही नव्हती, कारण त्या फळाला कोयच नसते. नियमात याची तरतूद नव्हती. रतनभाऊंनी नियम पुन्हा मनात वाचून पाहिला आणि सांगितलं की हिशेबानं आपण जिंकलो, सातव्यांदा. शकुबाई म्हणाल्या की बरं. मग त्यांनी वाटी बादलीत ठेवली, बादली नवऱ्यापुढं सरकवली आणि आत निघून गेल्या. रतनभाऊंनी बादली घासली, वाटीही घासली.

संध्याकाळी ते पत्रा आणि खिळा घेऊन बसले. या वेळी तारीख घातली नाही. पाटी तयार झाल्यावर ती घेऊन दोघं बांधावर गेले आणि त्यांनी ती सगळ्यात तपकिरी काडीला तारेनं बांधली. पाटीवर ठोकलं होतं, जुना माल, फळं संपेपर्यंत काढू नये.

शकुबाईंनी पाटी दोनदा वाचली. मग एवढाच आणखी एक पत्र्याचा तुकडा शिल्लक आहे का, म्हणून विचारलं. रतनभाऊंनी विचारलं कशाला.

"तुमच्या सदऱ्याला लावते," त्या म्हणाल्या.

रतनभाऊंनी सांगितलं की तुकडा आहे, घरी गेल्यावर देतो.